आत काही नाही

स्पिनर म्हटलं की आमच्या वडिलांच्या डोळ्यांसमोर बेदी, प्रसन्ना आणि चंद्रशेखर उभे राहायचे. आमच्या पिढीला कुंबळे दिसतो. आमच्या सौ.ला वॉशिंग मशीनचा तो भाग दिसतो, जो गेली दोन वर्षं बंद आहे आणि ज्याचा उल्लेख ती दर रविवारी न चुकता करते. गेल्या पावसाळ्यापर्यंत मलाही एवढेच स्पिनर ठाऊक होते. चौथ्या प्रकारचा स्पिनर चिरंजीवांनी घरात आणला, आणि त्याने माझी जी गिरकी घेतली तशी कुंबळेने कुणा फलंदाजाचीही घेतली नसेल.

चिरंजीव नववीत आहेत आणि शाळेच्या एनसीसीत, हवाई विभागात आहेत. या विभागात मुलांना विमानाच्या लहान प्रतिकृती बनवायला आणि उडवायला शिकवतात. मी कॉमर्सचा पदवीधर. माझ्या शिक्षणात उडण्याचा संबंध फक्त चेकशी आला, आणि तोसुद्धा चेक वटला नाही तर. हल्ली आम्हाला क्लार्क म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात; पण नाव लांबलं म्हणून हात कुठे पोहोचतोय? तेव्हा या विमानप्रकरणाची सगळी भिस्त आमच्या शेजारच्या काकांवर होती. काका ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मिग विमानं ज्या हातांखालून गेली ते हात आता आमच्या सोसायटीच्या नळांची वायसरं बदलतात. विमान करायचं म्हटल्यावर काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

विमान तीन फूट पंखांचं, बाल्सा लाकडाचं. त्याला करंगळीएवढ्या दट्ट्याचं अडीच सीसीचं इंजिन. हे विमान मोकळं उडत नाही. पन्नास फुटी दोन तारांना बांधलेलं असतं आणि तारांची मूठ धरून मधोमध उभ्या राहिलेल्या माणसाभोवती गोल गोल फिरतं. म्हणजे थोडक्यात संसारच. इंधन म्हणून मिथेनॉलमध्ये एरंडेल घालतात. लहानपणी दर महिन्याला नाक दाबून मला पाजलेलं ते एरंडेल इंजिन इतक्या आनंदाने पितं हे पाहून मला आमच्या आजीची फार आठवण झाली. ती असती तर म्हणाली असती, "बघ, इंजिनाला कळतं ते तुला कळलं नाही."

तर स्पिनर. विमानाच्या पंख्याच्या मधोमध नट असतो, त्यावर बसणारी निमुळती टोपी म्हणजे स्पिनर. ही टोपी असलीच पाहिजे असं नाही. राइट बंधूंचं विमान १७ डिसेंबर १९०३ रोजी बारा सेकंदांत एकशेवीस फूट उडालं, त्याच्या पंख्यांना स्पिनर नव्हता. टोपीमुळे नाकाशी हवा अडखळत नाही, आणि विजेच्या स्टार्टरने इंजिन फिरवायचं असेल तर त्याची रबरी वाटी तिच्यावर टेकवता येते, असे दोन फायदे काकांनी सांगितले. मग त्यांनीच सांगितलं की आपल्या एवढ्याशा विमानाला पहिला फायदा नावापुरता आहे, आणि दुसरा मुळीच नाही, कारण आपण पंखा लाकडाच्या दांडक्यानेच फिरवणार.

"मग लावायचा कशाला?" मी विचारलं.

"शोभा," काका म्हणाले.

आमच्या हिने विमान पाहून एकच वाक्य काढलं होतं, "नाकात काही नाही, सुनं सुनं दिसतंय." तेव्हा नथ आणायचं ठरलं. दीड इंची, लाल प्लॅस्टिकचा स्पिनर पार्सलने आला. मागे एक थाळी, पुढे शंकू, आणि शंकूला पाती बाहेर यायला दोन खाचा. बसवायची रीत सोपी वाटते. इंजिनाच्या दांड्यावर आधी थाळी, मग पंखा, मग वायसर आणि नट. नट पान्याने आवळायचा आणि वर शंकू ठेवून स्क्रू मारायचे. चार वस्तू एकापुढे एक. बँकेत एक पासबुक भरायला यापेक्षा जास्त पायऱ्या आहेत.

त्याआधी काकांनी पंखा तोलून घेतला होता. पंख्याच्या भोकातून एक गुळगुळीत सळई घालायची, ती दोन काचेच्या पेल्यांच्या कडांवर आडवी ठेवायची आणि पाहत बसायचं. जड पातं हळूहळू खाली जातं. एकतर ते पॉलिश पेपरने घासायचं, नाहीतर हलक्या पात्याला थोडं वजन द्यायचं. काकांनी घरात नेलपॉलिश आहे का विचारलं. आमच्या हिने गुलाबी बाटली आणून दिली. हलक्या पात्याच्या टोकाला दोन हात मारले, आणि पंखा ठेवू तिथे थांबायला लागला. मी अर्धा तास तो पंखा फिरवून थांबवत होतो. संध्याकाळी कॅश टॅली झाल्यावर जो शांतपणा येतो तोच, फक्त इथे ओव्हरटाइम नव्हता. बँकेतही हल्ली नाही म्हणा.

मग घोळ झाला. थाळीचं भोक इंजिनाच्या दांड्यापेक्षा लहान निघालं. काका त्याच दिवशी मुलीकडे जळगावला निघाले होते. जिन्यातूनच ओरडून सांगून गेले, "भोक रीमरने मोठं करायचं! ड्रिल लावू नका, ते भलतीकडे खेचतं. मी गुरुवारी येतो, मग बघू." रीमर हे हत्यार मी तोवर पाहिलं नव्हतं. ते सगळ्या बाजूंनी सारखं, थोडं थोडं खातं, त्यामुळे भोक वाढतं पण त्याचा मध्य हलत नाही. आता विचार केला तर असं खाणारा प्राणी सरकारी खात्यातही सापडायचा नाही.

पण चिरंजीवांना धीर नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही. मुलाच्या नजरेत बापाने निदान एकदा तरी फिटर व्हावं असं मला वाटलं. ड्रिल लावू नका म्हणाले होते. गोल कानस लावू नका असं म्हणाले नव्हते. वकील झालो असतो तर बरं नाव काढलं असतं. मी गोल कानस घेतली आणि दहा मिनिटांत भोक मोठं केलं. थाळी दांड्यावर अगदी घट्ट बसली. शंकू लावला, पंखा हाताने फिरवला, आणि शंकूचं टोक देवीचा संचार झालेल्या बाईसारखं घुमायला लागलं. भोक एका बाजूला सरकलं होतं. किती? अर्धा मिलिमीटर. एखाद-दुसऱ्या नखाची जाडी.

चिरंजीव क्लासला गेले होते. घरात मी, माझी चूक आणि अॅराल्डाइटच्या दोन ट्यूब.

इथे मला माझ्या आयुष्यातली दुसरी टॅली सांगितली पाहिजे. २०११ सालची गोष्ट. मी कॅश काउंटरला होतो. संध्याकाळी कॅश मोजली, पैशाला पैसा जुळली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे पेन्शनर आले. काल दिलेल्या पैशांत पाचशेची एक नोट कमी होती म्हणाले. मी हसतमुखाने (ग्राहकाशी हसतमुखाने बोलावं असं परिपत्रक आहे) त्यांना सांगितलं, "आजोबा, काल आमची कॅश टॅली झाली. कमी दिले असते तर आमच्याकडे पाचशे जास्त निघाले नसते का?" त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझं गणित बिनतोड होतं. "मग माझीच मोजण्यात चूक झाली असेल," असं म्हणून ते पायऱ्या उतरून गेले. मागे उभ्या असलेल्या लोकांनी मान डोलावली. दुपारी तीन वाजता एक दुकानदार आला आणि पाचशेची नोट काउंटरवर ठेवून म्हणाला, "काल मला जास्त आले होते."

कॉमर्सच्या पुस्तकात याला भरपाईची चूक म्हणतात. एक चूक या बाजूला, तेवढीच एक त्या बाजूला. तेरीज जुळते आणि दोन्ही झाकल्या जातात. परीक्षेत मला यावर पाच मार्कांचा प्रश्न आला होता आणि मी पाचपैकी चार मिळवले होते. पण त्या चुकीला तोंड असतं, हातात पिशवी असते, आणि पायऱ्या उतरताना ती कठड्याला धरते, हे पुस्तकात नव्हतं. म्हाताऱ्यांचा पासबुकावरचा पत्ता जुना होता. पुढच्या पेन्शनला, एक तारखेला ते आले तेव्हा मी पाचशे रुपये दिले आणि माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, मी महिनाभर घरातल्यांवर संशय घेत होतो."

माणूस अनुभवाने शिकतो असं म्हणतात. क्लार्क शिकत नाही. त्या संध्याकाळी मी शंकूची जी बाजू हलकी पडत होती तिच्या आतून अॅराल्डाइटचा वाटाण्याएवढा गोळा चिकटवला. रात्रभर वाळू दिला. सकाळी सळईवर, पेल्यांवर ठेवून पाहिलं, तर काय तोल! ठेवाल तिथे थांबतोय. फिरवल्यावर टोक अजून घुमत होतं, पण वजनाच्या हिशेबाने दोन्ही बाजू सारख्या. चूकही तिथेच, भरपाईही तिथेच, आणि वरून लालभडक टोपी.

आणि माझी बाजू तरी काय वाईट होती? हलक्या पात्याला नेलपॉलिश लावतात तेव्हा काका त्याला तोल म्हणतात. मी हलक्या बाजूला अॅराल्डाइट लावलं तर ती फसवणूक कशी? पदार्थ वेगळा, तत्त्व तेच. शिवाय ते आत. स्पिनरचा जन्मच मुळी झाकण्यासाठी झालेला. नट झाकतो, वायसर झाकतो, त्यात आणखी एक गोळा झाकला. जे कुणाला दिसणार नाही आणि ज्याने कुणाचं अडणार नाही, ते नीट असलंच पाहिजे का? हा प्रश्न मी स्वतःला दोन कप चहा होईपर्यंत विचारला, आणि उत्तर माझ्या बाजूने आलं. स्वतःलाच विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं बहुधा तशीच येतात.

चिरंजीवांनी पंखा फिरवून पाहिला. "बाबा, टोक हलतंय."

"वेगात कळत नाही."

त्याने शंकू कानाशी नेऊन हलवला. मुलांना सवय असते. "आत काय आहे?"

"काही नाही," मी म्हणालो.

खोटं बोलायचं असं ठरवून मी बोललो नाही, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. ते दोन शब्द काउंटरवर बसून बसून जिभेला वळण पडावं तसे बाहेर आले. "काल टॅली झाली" हे जसे आले होते तसेच.

काका गुरुवारी येणार होते ते शनिवारी रात्री आले आणि रविवारी सकाळी आम्ही मैदानावर गेलो. काकांनी विमान जमिनीवर धरलं, मला प्लगला लावायची दीड व्होल्टची बॅटरी दिली आणि चिरंजीवांना मागे उभं केलं. ते पंख्याच्या बाजूला उभे होते, पाण्याच्या पिशवीजवळ. काकांनी दंडाला धरून त्यांना ओढलं. "पंख्याच्या रेषेत कधी उभं राहायचं नाही. काही सुटलं तर बाजूलाच सुटतं. मागे ये." मिनिटसुद्धा झालं नसेल त्याला.

इंजिन दांडक्याच्या तिसऱ्या फटक्याला चालू झालं. एरंडेलाचा वास सुटला. काकांनी सुई फिरवून वेग वाढवला. आवाज चढला, चढत गेला, आणि मग त्यात एक घरघर आली. काकांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी इंधनाची नळी चिमटीत धरेपर्यंत काडकन् आवाज झाला आणि लाल रंगाचं काहीतरी डोळ्यांपुढून गेलं.

इंजिन थांबल्यावर मैदानात इतकी शांतता होती की लांब रस्त्यावरच्या भंगारवाल्याची हाक ऐकू आली. शंकूचा अर्धा तुकडा पाण्याच्या पिशवीला आरपार भोक पाडून गवतात पडला होता. पिशवीतून पाणी गळत होतं. मी त्या पाण्याकडे पाहत उभा राहिलो.

दुसरा अर्धा काकांनी उचलला. त्यांनी तो उलटा केला. आत अॅराल्डाइटचा गोल डाग होता, गोळा नव्हता. काका काही बोलले नाहीत. फिटर लोकांना धातू आणि प्लॅस्टिक वाचता येतं, त्यांना बोलायची गरज पडत नाही. बोलले ते चिरंजीव.

"बाबा, तुम्ही म्हणाला होतात आत काही नाही."

मी सगळं सांगितलं. कानस, भोक, वाटाणा, सगळं. सांगताना मी काकांकडे पाहून सांगत होतो, कारण मुलाकडे पाहणं जमत नव्हतं. काकांनी ऐकून घेतलं आणि खिशातून पेन्सिल काढून विमानाच्या खोक्यावरच हिशेब मांडला. टोपी वीस ग्रॅम. मध्य अर्धा मिलिमीटर बाजूला. फेरे मिनिटाला बारा हजार, म्हणजे सेकंदाला दोनशे. "तुमचा गोळा होता तोवर ठीक होतं, पण या गुळगुळीत प्लॅस्टिकवर तो काय टिकतो? तो सुटला की टोपी एका बाजूला ओढणार. किती? दीड किलोच्या वर. आणि सेकंदाला दोनशे वेळा दिशा बदलून." मग त्यांनी तुकड्याची खाच दाखवली. "आणि हे बघा. भोक सरकलं म्हणून इकडे पातं खाचेला टेकलं होतं. इथे फट हवी. तडा इथूनच गेला." वीस ग्रॅमची वस्तू दीड किलोचं ओढणं ओढते हे मला पटायला वेळ लागला. पाचशे रुपयांची एक नोट महिनाभर एका घराला किती ओढत होती, त्याचा हिशेब मात्र कुणी मांडून दाखवला नव्हता.

घरी येताना काकांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. तडा लिंडबर्गच्याही स्पिनरला गेला होता." मग त्यांनी ती हकिकत सांगितली. १९२७ साली लिंडबर्ग एकट्याने न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला ते विमान रायन कंपनीच्या लोकांनी सॅन डिएगोला सुमारे दोन महिन्यांत बांधलं. ते बांधणाऱ्या कामगारांनी स्पिनरच्या आतल्या बाजूला आपापली नावं लिहिली. आत, कुणाला दिसणार नाहीत अशी. पण विमान न्यूयॉर्कला पोहोचलं तेव्हा त्या स्पिनरला तडा गेलेला दिसला, आणि उड्डाणाआधी तो काढून दुसरा बसवला. मे महिन्यात साडेतेहतीस तास अटलांटिकवरून गेला तो स्पिनर बिननावाचा. नावांचा स्पिनर अमेरिकेतच राहिला. आता तो वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

"बिचारे," मी म्हणालो.

"बिचारे कशाने?" काका म्हणाले. "तडा दिसल्यावर नावांसकट बदलला ना? त्यांनी नाव लिहिलं होतं, गोळा नव्हता चिकटवला." एवढंच बोलले. सबंध सकाळभरात त्यांनी मला दिलेला हा एकच टोला, पण पंख्याच्या रेषेत लागला.

त्यानंतर सहा रविवार विमान स्पिनरशिवाय उडलं. फरक? काही नाही. तसंच गोल, तसाच आवाज, तसाच एरंडेलाचा वास. राइट बंधूंचं चाललं, आमचंही चाललं. त्यामुळे माझा प्रश्न आणखीच अवघड झाला. ज्या वस्तूवाचून काहीच अडत नव्हतं ती वस्तू लपवाछपवी करून बसवायची मला एवढी घाई का होती? पिशवीला पडलेलं भोक पाहून मी हादरलो हे खरं. पण भोक पडलं नसतं, गोळा चिकटून राहिला असता आणि विमानाने बक्षीस आणलं असतं, तर आज मी हा लेख लिहिला असता का? की 'कॉमर्सच्या ज्ञानाचा विमानविद्येत उपयोग' या विषयावर सोसायटीच्या गणेशोत्सवात भाषण ठोकलं असतं? मला वाटतं, भाषणच.

सातव्या आठवड्यात चिरंजीवांनी आपल्या पैशांतून अॅल्युमिनियमचा स्पिनर मागवला. भोक या वेळीही लहान होतं. काका आणि तो दोघं काकांच्या बाल्कनीत बसले. रीमर त्याच्या हातात. काका फक्त "अर्धा फेरा… काढ… पूस… आता बघ" असं म्हणत होते. मी टॉर्च धरून उभा होतो. दोन संध्याकाळी गेल्या. खाचेच्या कडा कानसून पात्याभोवती मिलिमीटरभर फट ठेवली. पंख्याची गुलाबी टोकं झिजली होती म्हणून आमच्या हिने पुन्हा नेलपॉलिश लावलं. शेवटी शंकू बसला, आणि फिरवल्यावर टोक असं स्थिर राहिलं की तो फिरतोय की नाही हे बोट लावून पाहावंसं वाटावं.

शनिवारी रात्री विमान टेबलावर होतं. मी सहज विचारलं, "आत काय आहे रे?"

"काही नाही," चिरंजीव म्हणाले. पुस्तकातून मान वर न काढता. माझाच आवाज, माझीच तऱ्हा.

आता काय करावं? विश्वास ठेवावा, तर उद्या त्या पंख्यामागे मुलगाच उभा राहणार. उघडून पाहावं, तर मी कुठल्या तोंडाने पाहणार? शेवटी बँक मदतीला आली. आमच्याकडे तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, आणि दुसऱ्याने मोजून पाहिलं म्हणून पहिला रागावत नाही. मी स्क्रूड्रायव्हर त्याच्यापुढे ठेवला. "दोघं मिळून बघू."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रू काढले. शंकू उलटा करून दिव्याखाली धरला. आत बारीक अक्षरात, मार्करने तीन नावं लिहिली होती. काकांचं, त्याचं आणि त्याच्या आईचं.

"आईचं कशाला?" मी विचारलं.

"नेलपॉलिश."

मी शंकू गोल फिरवून पुन्हा पाहिला. तीनच होती.

"बाबा, तुम्ही फक्त टॉर्च धरला होता," तो म्हणाला आणि स्क्रू परत लावायला लागला. मी टॉर्च धरला.